आत्यांची मागची दोन चाकं

खोली भाड्यानं देताना घरमालक काय काय विचारतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. माणसं किती, पाहुणेरावळे फार येतात का, डिपॉझिट कधी देणार. मी थेरगावात खोली बघायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी, ज्यांना सगळी गल्ली आत्या म्हणते, यातलं एकही विचारलं नाही. पायात गमबूट, नऊवारी वर खोचलेली, बोटाला मिश्री लागलेली. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तुमी काय बनवता?"

मी आपली भोळी. म्हटलं, "सगळंच येतं. आमच्या उदगीरकडं ज्वारीची भाकरी..."

"त्ये न्हाई वो. कंपनीत. कंचा पार्ट?"

मी सांगितलं, चाकणला जाते, तिथं गाडीचं डिफरन्शियल जोडतात त्या लाइनवर आहे.

"त्ये कुटं असतं?"

"मागच्या दोन चाकांच्या मधोमध. गाडीखाली वाकून बघितलं तर पोटासारखा गोळा दिसतो, त्याच्या आत."

आत्यांनी मिश्रीचं बोट थांबवलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "त्यो माझ्याकडं न्हाई. कडंची खोली घ्या."

आठवडाभरानं मला उलगडा झाला. डांगे चौकातून आत गेलं की गल्लीच्या टोकाला त्यांच्या खोल्यांची रांग. सगळे भाडेकरू कंपन्यांतले, आणि प्रत्येकाचा पार्ट वेगळा. कोल्हापूरकडचा एक ब्रेकच्या कारखान्यात होता, जळगावचा एक गिअरबॉक्सवर. एक नवराबायको सायलेन्सरवाले, एक पोरगी गाडीच्या सीटा शिवायची. एका पार्टाला एक खोली, दुसरा माणूस नाही. माझ्यादेखत एका रंगकाम करणाऱ्याला परत पाठवलं. "रंगाचा एक हाय आदीच." हिंजवडीला जाणारा एक गोरागोमटा मुलगा आला होता, भाडं वाढवून द्यायलाही तयार होता. आत्यांनी विचारलं, "तुजा माल हातात घिऊन बघता येतो का?" तो म्हणाला, "नाही आजी, तो कॉम्प्युटरमध्येच असतो." आत्या म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे बाबा. मला समजायचा न्हाई."

नावानं त्या कुणाला हाक मारायच्या नाहीत. "ए ब्रेक, पाणी आलंय, भरून घे." "गिअरबॉक्स, तुजी चादर उडाली." मला 'डिफरन्सल' म्हणायला लागल्या. हळदीकुंकवाला चार बायकांत माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या डिफरन्सलबाई." एक बाई घाईनं उठून मला नमस्कार करायला लागली. तिला वाटलं मी सरकारात कुणीतरी मोठी असेन.

संध्याकाळी सगळे शिफ्टवरून आले की आत्यांची फेरी. प्रत्येकाच्या दारात उभं राहून एकच प्रश्न, "आज काय बिघाडलं?" नीट चाललेल्या कामात त्यांना रस नव्हता. बिघाड सांगा. कुठं घासलं, कुठं अडलं, कशापायी माल परत आला. कंपनीतून पार्ट आणून दाखवलेला मात्र चालायचा नाही. गिअरबॉक्सनं एकदा हौसेनं एक दातेरी चाक खिशातून आणलं तर त्याला दारातूनच माघारी धाडलं. "चोरीचं नगं. तोंडानं सांग, हातानं दाखीव." मग आम्ही वाट्या, पोळपाट, बांगड्या, जे हाताला लागेल ते घेऊन दाखवत बसायचो.

आणि मजा अशी की त्या रांगेत कुणाकडंच गाडी नव्हती. सगळी मिळून आम्ही अख्खी मोटार बनवत होतो, आणि कामाला जात होतो कंपनीच्या बसनं.

मी एकदा विचारलं, "आत्या, हा काय नाद तुम्हाला?"

"मला येक दिस गाडी घ्यायची हाय," म्हणाल्या. "घ्यायच्या आदी तिची माणसं गोळा केली."

तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती.

आता हे कशापायी, ते सांगते. आत्यांच्या सासरची जमीन इथलीच, थेरगावातली. तिच्यावर आता बिल्डिंगा उभ्या आहेत. त्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत. "त्यो येवार झाला. घेतलं, दिलं, संपलं." पण त्यांचं माहेर आंदर मावळात. धाकट्या भावानं मरायच्या आधी बहिणीचा वाटा म्हणून डोंगराच्या कुशीतली भाताची खाचरं यांच्या नावावर करून दिली होती. "कोर्टात जाऊन न्हाई मिळवलं मी. भावानं हातानं दिलंय," हे वाक्य त्या उच्चारायच्या तेव्हा आवाज बदलायचा. भाऊ गेला, भावजय पोरीकडं मुंबईला गेली, घर मोडलं. माहेर म्हणून तेवढीच खाचरं उरली.

त्यांचा एकुलता मुलगा, त्याला सगळे दादा म्हणायचे, रावेतला फ्लॅटात राहायचा. वाईट माणूस नव्हता हं. आईला दर रविवारी फळं घेऊन यायचा. पण त्याचं म्हणणं असं, की गावातल्या रस्त्यापासून खाचरापर्यंतची वाट चढाची, पावसाळ्यात नुसता चिखल. आईचे गुडघे गेलेले. ती जायची हट्टानं, आणि दोन वेळा त्यानं तिला खुर्चीत बसवून माणसांकरवी खाली आणली होती. गिऱ्हाईक दारात उभं होतं, फार्महाऊस बांधायला जागा हवी होती त्याला.

पाडव्याला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, जिथं तू जाऊ शकत न्हाईस ती जमीन काय फोटोत बघायची?"

"जाईन की."

"कशी जाशील? उडत?"

"गाडीनं. माझी मी."

दादा हसला. आम्ही सगळे अंगणात पुरणपोळी खात होतो. तो चेष्टेनं म्हणाला, पण बोलून गेला. "आषाढात, वाट चिखलाची असताना, तू स्वतः गाडी चालवत खाचरापर्यंत पोचलीस तर मी विकायचं नाव काढणार नाही. ट्रॅक्टरनं ओढायचं नाही, दोर नाही, माणसांनी ढकलायचं नाही. न्हाई पोचलीस तर सही."

"व्हय," आत्या म्हणाल्या, आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सगळी रांग गाडी बघायला. मोशीच्या पलीकडं एका खडीवाल्याकडं जुनी उघडी जीप विकायला होती. मागच्या दोन चाकांवर चालणारी. चारही चाकांची ओढ असणारी आत्यांच्या आवाक्यातली नव्हती. तो खडीवाला आम्हाला अजून विसरला नसेल. ब्रेक उकिडवा बसून पॅडल दाबतोय. सीटवाली पोरगी सीटेचे टाके मोजतेय आणि नाक मुरडतेय. सायलेन्सरवाले दोघं धुराच्या नळीला कान लावून. मी म्हटलं, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला.

"बाई, घ्यायची का नाही ते सांगा," खडीवाला वैतागला. "चाकं काय उचलता?"

उचलली. गिअर न्यूट्रल केला. आत्यांना म्हटलं, हे डावीकडचं चाक हातानं फिरवा आणि मी पलीकडं उभी राहून उजवं काय करतंय ते बघते. साध्या डिफरन्शियलचं असं असतं, एक चाक पुढं फिरवलं की दुसरं उलटं मागं फिरतं. आत्यांनी जोर लावला. माझ्या बाजूचं चाक उलटं नाही, त्याच दिशेनं हळूच निघालं. मी वर्षानुवर्षं ज्याच्या प्लेटा रचत होते तो डबा या जीपच्या पोटात होता. खडीवाल्याला पत्ताच नव्हता.

"घ्या," मी म्हटलं.

त्या रात्री जेवताना मी त्यांना समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या चालीनं चालू देणारं यंत्र म्हणजे डिफरन्शियल.

"मळणीवाणी," आत्या लगेच म्हणाल्या. "मधल्या मेढीजवळचा बैल सावकाश, कडंचा पळतोय."

"अगदी. पण चिखलात याचीच पंचाईत. एका चाकाला धर राहिला नाही की ते गरागरा फिरत बसतं, आणि ज्याला धर आहे ते नुसतं उभं. सगळी धाव रिकाम्या चाकात जाते."

"म्हंजे जो काम करीत न्हाई त्यालाच पगार," आत्या म्हणाल्या. ब्रेक भिंतीला टेकून बसला होता तो खो खो हसला. म्हणाला, "आत्या, आमच्या कंपनीत सुपरवायझर असाच हाय बघा."

मग मी भाकऱ्यांची चळत घेतली. एक भाकरी या चाकाची, तिच्यावरची त्या चाकाची, परत याची, परत त्याची. वरून खालून हातानं दाबून धरलं आणि आत्यांना म्हटलं, आता मधली एक फिरवा. फिरली, पण जड. आणि फिरताना बाजूच्यांनाही ओढायला लागली. "आमच्या डब्यात अशा पोलादी प्लेटा असतात. एक चाक सुसाट पळायला लागलं की या प्लेटा घासून त्याला धरतात आणि काही जोर दुसऱ्या चाकाकडं जातो. लिमिटेड स्लिप म्हणतात. घसरायला बंदी नाही, पण मर्यादा आहे."

"कळलं," आत्या म्हणाल्या. "आता त्या भाकऱ्या वाढ. पिळून झाल्यात."

जीप आली आणि शिकणं सुरू झालं. वाकडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं त्यांच्या वयाकडं बघून नाही म्हटलं. दुसरा तयार झाला. डॉक्टरनं गुडघे दाबून बघितले तर आत्या म्हणाल्या, "चढायला दुखत्यात. दाबायला न्हाई. क्लच दाबायचाच असतो ना?" लायसन आलं.

पण जीपनंच घोळ घातला. घोळ जीपचा नव्हे खरं तर, आमचा. असा घोळ फक्त आमच्याच रांगेत होऊ शकतो. गिअरबॉक्सनं प्रेमापोटी रविवारी सगळी जुनी तेलं काढून टाकली आणि भारीतलं गिअर ऑइल स्वतःच्या हातानं भरलं. गिअरबॉक्समध्ये भरलं आणि उरलेलं मागच्या गोळ्यातही भरलं. पुढच्या वळणापासून जीप कण्हायला लागली. सरळ चालताना काही नाही, वळवली की मागून गुरगुर, कडकड, धक्के. रस्त्याकडच्या मिस्तरीनं दोन बोटांनी निकाल दिला, "आतला सेट गेला मावशी. काढून साधा टाका."

आत्यांचा चेहरा उतरला. पाडव्यापासून पहिल्यांदा मी तो उतरलेला पाहिला.

मी म्हटलं, "गेला नाही. तेल चुकलंय. या प्लेटांना वेगळं तेल लागतं, घसरताना हळुवार घसरू देणारं. आम्ही तर जोडायच्या आधी प्लेटा त्यात भिजत घालतो. साध्या तेलात त्या चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. तोच हा आवाज."

गिअरबॉक्स चिडला. "ताई, तेल ते तेल. मी रोज भरतो."

"तुझ्या गिअरांना चालतं. माझ्या प्लेटांना नाही."

"म्हणजे माझं काम खोटं का?"

"खोटं कोण म्हणतंय? तू चांगलंच भरलंस. दुसऱ्याच्या घरात भरलंस."

आत्यांनी काठी आपटली. "ज्याचा पार्ट, त्याचा शबुद. काढा त्येल."

तेल बदललं. पण नुसतं ओतून भागत नाही, ते प्लेटांच्या फटीफटीत शिरायला हवं. त्यासाठी गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. वाल्हेकरवाडीकडच्या मोकळ्या मैदानात आत्यांनी आठ काढायला सुरुवात केली. गमबूट, नऊवारी, डोक्याला रुमाल. क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघत होती. एकजण ओरडला, "आजी, आरटीओची परीक्षा कधी हाय?" आत्या आठ न मोडता ओरडल्या, "माजी झाली. ही गाडीची चाललीया." गुरगुर कमी होत होत थांबली. गिअरबॉक्सनं दुसऱ्या दिवशी मला चहा पाजला. मी विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही.

आत्यांना वाटलं आता जिंकलंच. मी त्यांना बजावत राहिले. हा डबा म्हणजे जादू नाही. एक चाक पुरतं हवेत गेलं तर प्लेटांना घासायला विरोधच मिळत नाही, मग त्याही ढिल्या पडतात. तेव्हा ब्रेकनं आपला पार्ट सांगितला. "आत्या, असं झालं की हँडब्रेक थोडासा वढायचा. पुरता न्हाई. हवेतलं चाक जरा जड झालं की प्लेटा घट्ट व्हत्यात, मग जोर जमिनीवरच्या चाकाकडं जातोय. भीक घातल्यावानी वढायचा, समदी तिजोरी उघडायची न्हाई." किवळ्याजवळ एक खणलेला प्लॉट होता, तिथं त्यांनी हे इतकं घोटलं की हँडब्रेक ओढताना त्यांचे ओठ आपोआप मिटायचे. मला अजून ते दिसतं.

आषाढ आला. लावणीचा दिवस ठरला. खाचराशेजारच्या शेतकऱ्यानं रोपं वाढवून ठेवली होती, लावणीच्या बायका गावातल्या, त्या चालत वर गेल्या. मी कंपनीतून रजा टाकली आणि आत्यांच्या शेजारी बसले. दादा आपल्या पांढऱ्या गाडीनं गावापर्यंत आला, ती देवळापाशी लावली आणि छत्री घेऊन पायी आमच्या मागं. पाऊस म्हणजे झोडपून काढत होता. डोंगर दिसतच नव्हता.

वाटेच्या तोंडालाच एक पिकअप फसलेली. कोंबडीखाद्याची पोती घेऊन. तिचं डावं मागचं चाक चिखलात भिंगरीसारखं फिरत होतं, आणि उजवं, दगडावर कोरडं ठणठणीत, जागचं हलत नव्हतं. ड्रायव्हर आणखी रेस देत होता, चाक आणखी खोल जात होतं.

"हे बघा आत्या," मी म्हटलं. "साधं डिफरन्शियल."

"पगार चाललाय त्याला," आत्या म्हणाल्या आणि बाजूनं जीप घातली. आमचंही डावं चाक त्याच राडीत उतरलं. क्षणभर फिरलं. मग उजव्यानं दगड धरल्याचं मला बुडाखाली कळलं, खरंच सांगते, आणि जीप सरकली. इतकी वर्षं मी स्वच्छ उजेडात, हातमोजे घालून त्या प्लेटा रचल्या. एक चाक दुसऱ्याला कसं सावरतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ओरडलेच मी. आत्या म्हणाल्या, "गप. लक्ष उडतंय."

पुढं वाटेला ओघळानं तिरकं कापलं होतं. तिथं उजवं मागचं चाक उचललं गेलं आणि रिकामंच फिरायला लागलं. आत्यांनी ओठ मिटले, हँडब्रेक जरासा ओढला, पाय स्थिर ठेवला. कण्हत, थरथरत जीप पार झाली. मागं बघितलं तर दादानं छत्री खाली केली होती. भिजत उभा होता.

आणि मग ती शेवटची जागा आली. तिथं चढ नव्हता फारसा. वाट डोंगराच्या अंगावरून आडवी जायची, एक बाजू वर, दुसरी खाली ओढ्याकडं कललेली. वर गवत, गवताखाली साबणासारखी माती. पलीकडं खाचराचा बांध दिसत होता, बायका उभ्या होत्या, हात करत होत्या. आत्यांनी थोडा जोर दिला. आणि जीप पुढं जाण्याऐवजी तिचं बूड सावकाश ओढ्याकडं चाललं.

थांबल्या. परत दिला. परत बूड खाली. आता मागच्या चाकाच्या पलीकडं हातभर जमीन उरली होती.

दादा धावत आला. "आई, बास! उतर. जमिनीचं काय ते आपण नंतर बोलू, तू आधी उतर."

"उतरून चालत जाऊ व्हय? तुजे गुडघे देतोस?"

"आई, गाडी वढ्यात जाईल."

आत्या उतरल्या खऱ्या, पण जायला नाही. जीपला धरून मागं आल्या, वाकता येत नव्हतं म्हणून काठीनं चिखलातली घसण दाखवली. दोन्ही चाकांची घसण, एकसारखी, तिरकी.

"डिफरन्सल, ह्ये बघ. दोनी येकदम सुटल्यात. एक जरी हुबं ऱ्हायलं असतं तर त्येनं आडवं धरून ठिवलं असतं."

मी वाकून बघितलं. बरोबर होतं ते. साधं डिफरन्शियल असतं तर एक चाक रिकामं फिरलं असतं आणि दुसरं, न फिरता, जमिनीला चिकटून बूड सांभाळत बसलं असतं. पुढं गेली नसती गाडी, पण खालीही गेली नसती. माझ्या प्लेटांनी दोघांना बांधलं होतं, म्हणून दोघं एकदम फिरली आणि एकदम घसरली. पुढं ढकलण्यात जो गुण, तोच आडव्या उतारावर अवगुण. हे मला लाइनवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

"मग आता?" मी म्हटलं.

"आता सुटू द्यायची न्हाईत. अगदी कमी जोर. आन वरल्या चाकाव वजन. वरलं हलकं पडतंय, त्येच आदी सुटतंय." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मी पुढं बसणारी, आणि माझं वजन ते काय. आजूबाजूला मोठा दगडसुद्धा नव्हता. मग त्यांची नजर दादावर स्थिरावली. दादा रावेतच्या फ्लॅटात चांगला भरला होता.

"दादा, मागं बस. वरल्या चाकाव."

"मी?"

"मंग कोन? तुज्यायेवढं हितं कायबी न्हाई."

"आई, आपलं ठरलंय. कुणाची मदत..."

"वढायचं न्हाई, ढकलायचं न्हाई, दोर न्हाई. ह्येच ठरलंय. बसायचं न्हाई आसं कुटं ठरलंय?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी डोंगराकडं बघितलं.

"मी बसलो तर तू पोचशील," तो म्हणाला.

"व्हय."

"मग मी कशाला बसू?"

आत्या चढून स्टेअरिंगवर बसल्या, साडी सावरली, आणि पुढं बघतच बोलल्या. "नगं बसूस. तुजा मान हाय त्यो. पन मी जानार हाय. तू बसलास तर सरळ जाईन. न्हाई बसलास तर जशी जाईन तशी जाईन. भावानं हातानं दिलेलं हाय, दादा. मी हितनं माघारी फिरनार न्हाई."

त्यांनी इंजिन चालू केलं.

दादानं शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही, आणि छत्री मिटवली. वरच्या बाजूनं चढून मागच्या बाकड्यावर, बरोबर चाकाच्या डोक्यावर बसला. जीप त्याच्याकडं दबल्याचं मला जाणवलं.

"घट्ट धर," आत्या म्हणाल्या. "आन हालू नगंस."

पहिला गिअर. पाय नुसता ठेवला, दाबला नाही. इंजिन माणसाच्या चालीनं चाललं होतं. बूड जरासं हललं, आत्यांनी पाय आणखी उचलला, ते थांबलं. चाकं फिरत होती पण इतकी हळू की त्यांच्यावरचा चिखल उडत नव्हता, नुसता गळत होता. एका चाकानं धरलं. मग दुसऱ्यानं. दादा मागून "सावकाश आई, सावकाश," म्हणत होता, आणि बांधापाशी आल्यावर तोच ओरडला, "चल आई, चल! आता दे!"

दिला. बांध आला. बायकांनी एकच गलका केला.

आत्या उतरल्या. बांधावर बसून खाचरातल्या पाण्यात हात घातला आणि कितीतरी वेळ बाहेर काढला नाही. दादा चिखलानं माखलेली पॅन्ट झटकत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, खरं सांग. मी बसलो म्हणून गाडी पोचली."

"व्हय," आत्या म्हणाल्या. जरासुद्धा वाद घातला नाही. "तू बसला नसतास तर वढ्यात गेली असती."

"मग?"

आत्यांनी शेजारची रोपांची जुडी उचलली, त्याच्या हातात दिली आणि खाचराकडं बोट केलं.

"मंग काय? आता दर साली बसायचं."